पेटीशी बोलणारे साडूभाऊ

आमच्या साडूभाऊंच्या कारकिर्दीत हिंगोली जिल्ह्यात कुणी उंचावरून खाली पडलं असेलच, तर ते त्यांची परवानगी न घेता पडलं असणार, एवढं मी छातीठोकपणे सांगू शकतो. आंब्याच्या झाडावर चढलेलं पोर असो की दिवाळीआधी माळ्यावरची भांडी काढायला निघालेली सून असो, हा माणूस कुठून तरी उगवायचा, खालून हात वर करून ‘थांबा’ म्हणायचा, आणि कमरेला दोर बांधल्याशिवाय कुणाला पुढची पायरी चढू द्यायचा नाही. माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे हे यजमान. नात्याने आम्ही साडू, म्हणून मी त्यांना साडूभाऊ म्हणतो आणि वयाने एवढे मोठे असूनही ते मलाही साडूभाऊच म्हणतात. त्यांचं घर सेनगावजवळच्या खेड्यात, आणि धंदा उंचावरच्या कामांच्या कंत्राटाचा. इतर कंत्राटदारांना काम लवकर संपवायची घाई असते. साडूभाऊंना घाई एकाच गोष्टीची, संध्याकाळी वरची सगळी माणसं खाली मोजून घ्यायची.

कामावर हेल्मेट सगळेच घालतात. साडूभाऊ ते फक्त आंघोळीला काढत. मूळचा पिवळा रंग उडून उडून पिठल्याच्या रंगावर आलेलं ते हेल्मेट घालूनच ते सेनगावहून हिंगोलीला एसटीने येत. कंडक्टर हसला की म्हणत, “तुमी बी घाला की. रस्ता बघितला न्हाई का?” रस्ता रोजच बघत असल्यामुळे कंडक्टर गप्प बसायचा. लग्नाच्या मांडवात शिरताना लोक खिशातलं अहेराचं पाकीट चाचपतात, हे मांडवाचे खांब चाचपत. ‘शुभमंगल सावधान’ हे शब्द इतक्या मनापासून ऐकणारा दुसरा माणूस मी पाहिला नाही. बाकीची मंडळी ‘सावधान’ आलं की अक्षता टाकतात, साडूभाऊ ‘सावधान’ आलं की वर बघत. आखाडा बाळापूरच्या एका लग्नात असंच वर बघताना त्यांना एक दोर सैल दिसला. मग उरलेली सगळी मंगलाष्टकं त्यांनी एका हाताने खांब धरून आणि दुसऱ्या हाताने अक्षता टाकून पार पाडली. नंतर मांडववाल्याने कान पकडले, आणि नवरदेवाच्या आधी पेढा साडूभाऊंच्या तोंडात गेला.

घरी आमच्या मेव्हणीबाईंचा, म्हणजे अक्काचा, याबद्दल वेगळाच सूर होता. “लोकाचे नवरे बायकोला साडी आणतात,” ती माझ्या बायकोला सांगायची, “ह्यांनी मला हातमोजे आणले. ते बी कोपरापर्यंतचे.” मिरच्या कांडायच्या दिवसांत साडूभाऊंनी तिला कामावरचा जाड काचेचा चष्मा दिला तेव्हा ती दोन दिवस बोलली नाही. तिसऱ्या दिवशी चष्मा लावून कांडायला बसली, आणि डोळ्यांतून टिपूस न काढता उठली. त्यानंतर उन्हाळा आला की गल्लीतल्या बायका तो चष्मा मागायला अक्काच्या दारात उभ्या असत, आणि अक्का तो देताना असा चेहरा करायची, जणू ही सगळी तिचीच अक्कल.

पण हे वेड साडूभाऊंच्या जन्मासोबत आलेलं नव्हतं. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला ते गावोगावच्या पाण्याच्या टाक्या रंगवायची कामं घेत. त्यांच्याकडची सगळी माणसं जवळच्याच एका तांड्यावरची. त्यात परसराम नावाचा एक तरणाबांड गडी होता. एकदा त्याच्या हातून रंगाचा डबा सांडला आणि साडूभाऊंनी त्याला चारचौघांत नको नको ते सुनावलं. परसराम डबा उचलून तडक शिडी चढला, रागाच्या भरात कमरेला दोर बांधायचाच राहिला, आणि टाकीच्या निम्म्यावरून खाली आला. जिवावरचं पायावर निभावलं. पण तो पाय प्लास्टरमध्ये होता तोवर साडूभाऊ रोज तांड्यावर जाऊन त्याच्या खाटेशी मुकाट्याने बसत. तेव्हापासून त्यांनी माणसाला बोलायचंच सोडलं. कुणी कितीही मोठी चूक केली तरी ते नुसते ओठ आवळून आभाळाकडे बघत. याचा व्हायचा तोच परिणाम झाला. माणसं लाडावली, आणि साडूभाऊंचं पित्त वाढलं.

पुढे परभणीतून फुटून हिंगोलीचा जिल्हा झाला, मोबाइल फोन आले, आणि शेताशेतांतून लोखंडी टॉवर उगवायला लागले. एका मोठ्या कंपनीच्या टॉवरांची रंगरंगोटी, दिवे आणि दुरुस्तीचं काम साडूभाऊंना मिळालं. सोबत सुरक्षेच्या नियमांचं एक जाड पुस्तक आलं. मराठी भाषांतर करणाऱ्याने त्यात अवघड शब्द तसेच ठेवून सोपे शब्द अवघड केले होते. त्यात एक वाक्य होतं, ‘दररोज काम सुरू करण्यापूर्वी कंत्राटदाराने टूलबॉक्स टॉक करणे बंधनकारक आहे.’ खरा अर्थ एवढाच, की सकाळी सगळ्या माणसांना जमवून आजचं काम आणि त्यातले धोके समजावून सांगावेत. साडूभाऊंनी त्याचा शब्दशः अर्थ लावला. टूलबॉक्स म्हणजे हत्यारांची पेटी. टॉक म्हणजे बोलणं. तेव्हा रोज सकाळी पेटीशी बोलायचं. त्यांना यात काहीच विचित्र वाटलं नाही. उलट कंपनीबद्दलचा आदर दुणावला. “आपण काय करतो,” ते मला म्हणाले, “खंडेनवमीला हत्याराला हळदकुंकू लावतो, अन् बाकी वरीसभर ढुंकून बघत न्हाई. कंपनीला ते बराबर कळलं, साडूभाऊ. मोठी माणसं हायत.”

दुसऱ्या दिवसापासून टॉवरच्या पायथ्याशी पेटी उघडी ठेवून, तिच्यापुढे उकिडवं बसून आमचे साडूभाऊ बोलायला लागले, आणि इतकी वर्षं आवळून धरलेलं सगळं मोकळं झालं. “ए पान्या, काल वरून निसटलास. काहून? दोरी बांधून घ्यायची लाज वाटून राहिली का? खाली कोणी लेकरू असतं मंग?” ज्याच्या हातून पाना निसटला होता तो पायाच्या अंगठ्याने माती उकरायचा, आणि बाकीचे त्याला कोपराने ढोसायचे. “बोल की रं पान्या!” साडूभाऊ पान्यावर नजर रोखून बसत. शेवटी घोळक्यातून आवाज यायचा, “चुकलं मालक. आज दोरी बांधतो.” साडूभाऊ मान डोलवत आणि पकडीकडे वळत. माणसाकडे ते चुकूनही बघत नसत. दोर, हूक, कमरेचा पट्टा, एकेकाची हजेरी व्हायची, ज्याची त्याला कळायची, आणि कुणाची मान खाली जायची नाही. एखाद्याने चांगलं काम केलं तर त्याच्या हातोडीचं कौतुक व्हायचं, आणि तो गडी दिवसभर हातोडी खांद्यावर टाकून मिरवायचा. पुढे टूलबॉक्स टॉकचा खरा अर्थ सांगणारा कंपनीचा कागद आला, मी तो वाचूनही दाखवला. साडूभाऊ म्हणाले, “आसंल. पण हे बरं हाय.”

मी या सगळ्यात आलो तो माझ्या नेट कॅफेमुळे. हिंगोलीत बसस्टँडमागच्या गल्लीत माझी चार कॉम्प्युटरांची जागा होती, आणि कंपनीने सगळे व्यवहार पोर्टलवर करायचे ठरवल्यावर साडूभाऊ आठवड्यातून एकदा माझ्याकडे हजर व्हायला लागले. दाराबाहेर चपला काढून आत येत. “पोर्टल म्हणजे काय, कचेरीच,” ते म्हणत, “फक्त चपराशी दिसत न्हाई.” माणसांचे दाखले, पट्ट्यांच्या तपासण्या, रोजच्या टूलबॉक्स टॉकचे फोटो, सगळं चढवावं लागे. एक फोटो चढेपर्यंत चहा यायचा, पिऊन व्हायचा, कप परत जायचे, आणि शेवटची रेघ भरता भरता लाइट जायची. मी कपाळाला हात लावायचो. साडूभाऊ अंधारात कॉम्प्युटरच्या पाठीवर थोपटत. “घाबरू नको गड्या. येतेच आता.” त्यात त्या पोर्टलला दर काही दिवसांनी नवा पासवर्ड लागे. साडूभाऊ त्यासाठी गावांची नावं वापरत, आणि पासवर्ड गुपित असतो ही कल्पनाच त्यांना मान्य नव्हती. रस्त्यावरूनच ओरडत यायचे, “साडूभाऊ, हट्टा संपलं! आता आखाडा बाळापूर धरा! पयलं अक्षर मोठं!” आम्ही दोघं विसरलो तर समोरचा पानवाला आठवण करून द्यायचा.

पोर्टल सुरू झालं ते वर्ष तांड्यासाठी मोठं होतं. दरवर्षी दिवाळीच्या तोंडावर ऊसतोडीचे ट्रक यायचे आणि तांडा निम्मा रिकामा व्हायचा. लेकरांच्या शाळा सुटायच्या, म्हातारी माणसं कुत्र्यांसोबत घरं राखायची. टॉवरचं काम बारमाही मिळायची चिन्हं दिसल्यावर साडूभाऊंनी तांड्याच्या नाईकाला शब्द दिला होता, यंदा माझ्या माणसांच्या घरातलं कुणी ट्रकात चढणार नाही. आणि नेमकी त्याच वेळी पोर्टलवर साडूभाऊंच्या नावापुढे लाल खूण उमटली. शेजारी इंग्रजीत शेरा होता, तो मी मराठी करून वाचला, “फोटो टूलबॉक्स टॉकचा वाटत नाही. कंत्राटदार पेटीत काहीतरी शोधताना दिसतो. कामगार हसत आहेत.” पुढच्या आठवड्यात दुसरी खूण, मग तिसरी, आणि शेवटी निरोप, कंपनीचा सुरक्षा अधिकारी प्रत्यक्ष तपासणीला येईल, आणि त्याने नापास केलं तर नाव कायमचं बंद.

मी शहाणपणा सुचवला. माणसांना रांगेत उभं करा, हातात कागद धरून समोर उभे राहा, मी एक फोटो काढतो, मिटलं. साडूभाऊंनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मीच कुठून तरी पडलोय. “फोटोपुरतं खोटं उभं ऱ्हायचं? पोर्टलला समजलं न्हाई, तर पोर्टलला समजावून सांगू. त्याच्यात तकलीफ काय?”

हट्ट्याच्या टॉवरवर तपासणी ठरली. इंग्रजी अडलं तर म्हणून साडूभाऊंनी मलाही नेलं. दिवाळी आठवड्यावर आली होती आणि ऊसतोडीचा मुकादम तांड्यावर ठिय्या देऊनच बसला होता. तो निकालाची वाट बघत होता, आम्हीही बघत होतो. पुण्याहून आलेला अधिकारी तरुण होता, स्वच्छ इस्त्रीचा, डोक्यावर दुधासारखं पांढरं हेल्मेट. साडूभाऊंनी नेहमीप्रमाणे पेटी उघडली आणि पान्यापासून सुरुवात केली. पान्याने उत्तर दिलं, हुकाने उत्तर दिलं. अधिकारी चेहऱ्यावरची रेषाही न हलवता बघत राहिला. मग माणसं टॉवरकडे निघाली, आणि शिडीशी पोचलेल्या परसरामच्या बुटाची नाडी सुटलेली त्याला दिसली.

“अहो, एवढी वर्षं काम करता आणि बुटाची नाडी बांधता येत नाही?” तो सगळ्यांदेखत कडाडला. “असली अडाणी माणसं टॉवरवर घेतातच कशी?”

परसरामने खाली बसून नाडी अशी आवळली की तुटते की काय वाटलं. कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. उठून त्याने शिडीला हात घातला.

“परसराम, खाली ऱ्हा,” साडूभाऊ म्हणाले. “काम बंद. कोणीच चढायचं न्हाई.”

“बंद?” अधिकारी चमकला. “मी काम बघायलाच आलोय.”

“म्हणून तर बंद, साहेब. माणूस रागात हाय. रागातला माणूस हूक लावत न्हाई.”

“हे बघा, काम दाखवलं नाही तर मला तसं लिहावं लागेल. तुमचं नाव पोर्टलवरून जाईल.”

“लिव्हा,” साडूभाऊ म्हणाले.

एका शब्दात या माणसाने टॉवर, तांडा, नाईकाला दिलेला शब्द, सगळं पणाला लावलं होतं. आणि तेवढं करून ते शांतपणे परसरामच्या पायाशी उकिडवे बसले.

“ए बुटा,” ते म्हणाले, “साहेब तुला बोलले. नाडी तुझी सुटली. परसरामला कोण बोलंल? अख्ख्या जिल्ह्यात त्याच्यासारखा चढणारा गडी न्हाई.” बूट काही बोलला नाही. परसराम दूर कापसाच्या शेताकडे बघत होता. मग साडूभाऊ उठले, अधिकाऱ्यासमोर आले, आणि त्याच्या डोळ्यांच्या बरंच वर बघत हात जोडून म्हणाले, “अन् तुमी हो, पांढरे पाव्हणे. पुण्याहून आलात, दमलात. पण हनुवटीखालचा पट्टा लोंबून राहिला की तुमचा. वाकलात तर घरंगळताल. साहेबाला सांगायची आमची काय टाप? म्हणून तुमालाच सांगून राहिलो.”

अधिकाऱ्याचा हात आपोआप हनुवटीखाली गेला. पट्टा खरंच लोंबत होता. त्याने तो ओढून अडकवला, खट् असा आवाज झाला, आणि तो तसाच उभा राहिला. मी इंग्रजीत माफी मागायची जुळवाजुळव करत होतो. तेवढ्यात तो खालच्या आवाजात म्हणाला, “चुकलं मालक.”

आधी कुणाला कळलंच नाही की हे हेल्मेट बोललं. मग परसरामच्या बाजूने आवाज आला, “माझं बी चुकलं. बांधली नाडी.” आणि हसण्याचा असा काही भडका उडाला की बांधावरचे बगळे उडाले. अधिकारी डोळे पुसत होता. परसराम शिडी चढला, आणि वरून त्याच्या हुकाचा आवाज खालपर्यंत स्वच्छ ऐकू आला. काम बघून झाल्यावर अधिकाऱ्याने विचारलं, “तुमच्याकडे कधीच कुणी पडलं नाही?”

“एकदा. टाकीवरून.”

“दोर नव्हता?”

“दोर व्हता. मी बोललो म्हणून पडला.”

जाताना अधिकाऱ्याने पेटीला नमस्कार केला, आणि मला वाटतं तो थट्टेने केलेला नव्हता.

दोन दिवसांनी माझ्या कॅफेत पोर्टलचं पान उघडलं तेव्हा आत साडूभाऊ, परसराम, खुद्द नाईक आणि समोरचा पानवाला एवढी मंडळी माझ्या मानेवर श्वास सोडत होती. पान वरून खाली हळूहळू उतरत होतं. हिरवा ठिपका दिसला. त्याखाली शेरा दिसला, तो मी मोठ्याने वाचला, “टूलबॉक्स टॉक उत्कृष्ट. कामगार हसत आहेत.” तेवढ्यात लाइट गेली, पण आता तिला विचारतो कोण! त्या दिवाळीत मुकादमाचा ट्रक या माणसांच्या दारांवरून रिकामा गेला. तांड्यावर हलगी वाजली, बायकांनी गाणी म्हटली, हेल्मेटाला झेंडूचा हार पडला, आणि हेल्मेटाखालचे साडूभाऊ फटाक्यांपासून पोरांना मागे सरकवत सगळ्यांच्या आनंदात अडथळे आणत राहिले. पुढच्या वर्षी कंपनीने औरंगाबादला सगळ्या कंत्राटदारांचा मेळावा भरवला आणि साडूभाऊंना मंचावर बोलावलं. सफारी घातलेले मोठमोठे कंत्राटदार रांगेने उकिडवे बसून पेट्यांशी बोलायला शिकतानाचा फोटो आजही अक्काच्या दिवाणखान्यात आहे. पाहुण्याला चहाआधी तो बघावा लागतो.

मग दिवस पालटले. ज्या टॉवरांमुळे साडूभाऊ माझ्याकडे येत, त्याच टॉवरांमुळे नेट लोकांच्या खिशात आलं आणि माझ्या कॅफेत येणारे कमी होत गेले. परसरामचा थोरला मुलगा, जो त्या दिवाळीत ट्रकात चढला नव्हता, शिकून निघाला आणि वडिलांच्या कंत्राटदाराचं पोर्टल घरबसल्या सांभाळायला लागला. शेवटी मी कॅफे बंद करायचं ठरवलं. कुणाला सांगितलं नव्हतं, पण शेवटच्या संध्याकाळी साडूभाऊ आले. चपला बाहेर काढल्या. हेल्मेट काढून मॉनिटरवर ठेवलं. त्यांचं पिकलेलं डोकं मी तेव्हा पहिल्यांदा नीट पाहिलं. मी पाठमोरा होऊन वायरी गुंडाळत होतो, कारण तोंड दाखवायची इच्छा नव्हती.

ते माझ्याशी एक शब्द बोलले नाहीत. नेहमीच्या कॉम्प्युटरपुढे बसले आणि त्याच्या पाठीवर थोपटलं. “काहून गप बसून राहिला रं गड्या? काम संपलं म्हणून? काम संपतंच. पण तांड्यावरची लेकरं दिवाळीला आपल्या घरी बसून करंज्या खाऊन राहिली, त्याच्यात तुझा बी हात हाय. हे कोणी तुला सांगितलं नसंल, म्हणून सांगतो.”

वायर माझ्या हातात तशीच राहिली. काही वेळाने ते उठले आणि बाहेर जाऊन चपला शोधायला लागले. हेल्मेट मॉनिटरवरच राहिलं होतं. मी त्यांना हाक मारली नाही. त्या हेल्मेटाजवळ गेलो, आणि दाराबाहेर ऐकू जाईल इतक्या आवाजात त्याला म्हणालो, “हेल्मेटराव, तुम्ही आलात ते फार बरं केलंत. आज कुणीच येणार नाही असं वाटलं होतं.”

बाहेर चपला घालायला फार वेळ लागत होता. मग साडूभाऊ परत आत आले, हेल्मेट डोक्यावर चढवलं, पट्टा हनुवटीखाली अडकवला आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, “येतो.” हेल्मेटाने म्हटलं की साडूभाऊंनी, ते मी विचारलं नाही.